फोलासा वाकला नाही ते वर्ष

साल १९८६. दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटावरच्या आमच्या वाइतोआ गावात वर्षं आकड्यांनी फारशी कोणाच्या लक्षात राहत नाहीत. पाद्रीबाबांची गाडी समुद्रात गेली ते वर्ष, फणसांना कीड लागली ते वर्ष, असं म्हटलं की लोकांना पटकन कळतं. १९८६ म्हणजे फोलासा वाकला नाही ते वर्ष. फोलासा माझा धाकटा भाऊ. त्याच्याआधी आणि त्याच्यानंतरही आमच्या गावात कोणी असं केलेलं नाही.

बसलेल्या माणसांसमोरून जाताना आमच्याकडे कमरेत वाकतात, एक हात खाली सोडतात आणि हलकेच ‘तुलोउ’ म्हणतात. हे कोणी शिकवत नाही. मूल चालायला लागतं तेच बसलेल्यांसमोर वाकून. आणि गावप्रमुख सभेला बसलेले असतील तर विचारूच नका. आमच्या फालेला, म्हणजे घराला, भिंती नसतात, नुसते खांब आणि वर छप्पर. त्यामुळे सभेला बसलेल्यांना अख्खा गाव दिसतो आणि गावाला ते. अशा वेळी समोरून ताठ चालणं म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणं.

पण गोष्ट सुरू होते त्याच्या पंधरा वर्षं आधी, किरिकितीच्या मैदानात. क्रिकेट आमच्या बेटांवर आलं, आमच्या हाती लागलं आणि त्याचं किरिकिती झालं. अख्खा गाव एका बाजूने खेळतो. पुढारी गळ्यात शिट्टी घालून नाचतो, बाकीचे टाळ्या पिटतात. बॅट लांबलचक, तिला तीन पैलू, जुन्या लढाईतल्या सोट्यासारखी. तीन पैलूंमुळे चेंडू कुठे जाईल ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चेंडू रबर घट्ट गुंडाळून केलेला, दगडाला लाजवेल असा.

त्या दिवशी शेजारच्या लेपुआवा गावाशी सामना होता. आमची शिट्टी फुआतिनो आत्याकडे होती. ती तेव्हा पंचावन्न-छप्पन्नची, गोल गरगरीत, पण नाचायला लागली की पोरी मागे पडायच्या. लेपुआवाला जिंकायला तीन धावा हव्या होत्या. बॅट लोमिगाच्या हातात. लोमिगा म्हणजे खांद्याने दार अडेल असा गडी. फोलासा त्याच्या अगदी जवळ, झेल टिपायला वाकून उभा. बॅट फिरली, चेंडू तिसऱ्याच पैलूला लागला आणि थेट फोलासाच्या उजव्या डोळ्यावर आला. तिथून उडून ओढ्याकडच्या झुडपात गेला. तो पुन्हा कोणाला सापडला नाही.

आम्ही सगळे फोलासाकडे धावलो आणि लोमिगा धावांकडे. त्याने तीन धावा काढल्या. लेपुआवाचे लोक ‘जिंकलो’ म्हणून नाचत घरी गेले. सभेत गावाच्या वतीने बोलणारे वक्ते तालालोआ हातातला दंड आपटून ओरडले, “चेंडू सापडला नाही, गडी पडलेला, ह्या कसल्या धावा? डाव संपलेला नाही!” पुढची पंधरा वर्षं ते लग्नात, मयतीला, चर्चच्या जेवणाला, जिथे लेपुआवाचा माणूस दिसेल तिथे हेच सांगत राहिले.

फोलासाच्या डोळ्यात रक्त साचलं होतं. पेल्याच्या तळाशी लाल सरबत उरावं तसं बुबुळाच्या खालच्या कडेला दिसायचं. काही दिवसांनी ते जिरलं, नजर परत आली, आणि तो बरा झाला असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. डावा डोळा त्याचा लहानपणीच झावळीचा काटा लागून गेला होता. उजेड-अंधार तेवढा कळायचा. म्हणजे उजवा हाच काय तो डोळा. त्या एका डोळ्यावर तो बॅटी घडवायचा. आमच्या किनाऱ्यावर त्याच्यासारखी बॅट कोणी घडवत नसे.

पुढे हळूहळू काहीतरी बिघडायला लागलं. तो फालेच्या खांबांना खांदे धडकवायचा. दुपारच्या उन्हात हात कपाळावर धरून चालायचा. बॅटचा तिसरा पैलू वाकडा यायला लागला. मी विचारलं की म्हणायचा, “लाकूड ओलं होतं, ताई.” वर्षभर सगळं लाकूड ओलंच होतं म्हणे.

मग तो आवा-पेल्याचा प्रसंग घडला. सभेत आवाचा, म्हणजे मुळं कुटून केलेल्या मानाच्या पेयाचा, पेला देण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला, झोकात चालत गेला आणि आमचे थोरले प्रमुख माउगातोआ यांच्याऐवजी त्यांच्या शेजारच्या खांबाला आदराने देऊ केला. सभेत कोणी हसत नाही. पण माउगातोआंचं पोट गदागदा हललं, असं नंतर सगळे सांगत होते.

घरी येऊन तो चटईवर भिंतीकडे तोंड केल्यासारखा बसला. भिंत नव्हतीच, त्यामुळे तो समुद्राकडे तोंड करून बसला.

“ताई, मी पेला खांबाला दिला.”

“खांब प्यायला का?”

“हसू नकोस. उद्या बॅटीऐवजी स्वतःची बोटं तासीन मी.”

फुआतिनो आत्या बाहेर चटई विणत होती. तिथूनच म्हणाली, “अरे, खांबाने काही तक्रार केली नाही. पण माणसाने करायच्या आत डॉक्टरला डोळा दाखव.”

त्या महिन्यात न्यूझीलंडहून डोळ्यांच्या डॉक्टरांची तुकडी राजधानीत, आपियाला, आली होती. आम्ही बोटीने शेजारच्या उपोलू बेटावर गेलो आणि तिथून बसने आपियाच्या इस्पितळात. डॉक्टरीणबाईंचं नाव हेस्टर. उंच, हाडकुळ्या, बोलायला हळू. त्यांचं बोलणं आमच्या भाषेत सांगायला सिनापाती नावाची नर्स होती. ती हळू बोलणाऱ्यांतली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “डोळ्याला कधी मार लागला होता?”

“नाही,” फोलासा म्हणाला.

“अरे!” मी म्हटलं, “किरिकितीचा चेंडू!”

“तो होय? तो तर बरा झाला.”

सिनापातीने हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बरा नव्हता झाला. पंधरा वर्षं गप्प बसला होता.”

मला लहानपणापासून एक खोड आहे. कशाच्या आत काय आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी विचारलं, गप्प बसून तो करत काय होता? मग त्यांनी सांगितलं की डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून निघून जात असतं. चेंडूच्या दणक्याने ती जाळी कडेने फाटली आणि फाटलेलं भरून येताना तिथे घट्टे पडले. आता पाणी तयार होतं तेवढं जात नाही. आत दाब वाढतो आणि नजरेची नस चिरडत जाते, बाजूने सुरू होऊन मध्यापर्यंत. त्यालाच काचबिंदू म्हणतात. शिवाय त्याच दणक्याने डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय, तो मोतीबिंदू.

“ते पाणी म्हणजे रडायचं पाणी का?” मी विचारलं.

“नाही, ते बाहेरचं. हे आतलं.”

“मग रडून जात नाही का ते?”

सिनापातीने माझ्याकडे रोखून पाहिलं. “बाई, डॉक्टरांना अजून पन्नास माणसं तपासायची आहेत.”

“मग एक्कावन्नावी मी. माझा डोळा नाही, प्रश्न तपासायचाय.”

डॉक्टरीणबाईंना काय सांगितलं गेलं कोण जाणे, पण त्या हसल्या, उठल्या आणि मला आपल्या खुर्चीवर बसवलं. यंत्राला डोळा लावून बघायला सांगितलं.

आमच्यात म्हण आहे, बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली. भाऊ बहिणीला जपतो ते म्हणूनच. हे मी जन्मभर ऐकत आले होते, पण बाहुली बघितली ती त्या दिवशी. फोलासाचा डोळा यंत्रात एखाद्या खडकातल्या डबक्याएवढा दिसत होता. बुबुळ तपकिरी, त्यात रेषा, समुद्रतळाच्या गवतासारख्या. मध्ये काळं भोक असायला हवं होतं. तिथे पांढुरकं काहीतरी धरलं होतं. कोवळ्या शहाळ्यात आधी नुसतं पाणी असतं, मग काचेसारखी साय येते, मग खोबरं धरतं. त्याच्या डोळ्यात खोबरं धरलं होतं. मी जिथे असायला हवी होते तिथेच.

“हे काढता येतं?” मी विचारलं.

“ते काढता येतं. त्याच्या जागी स्वच्छ भिंग बसवता येतं. पाण्याला नवी वाटही करून देता येते. पण नसेचं जे गेलं ते गेलं. बाजूची नजर परत येणार नाही. मधली उरलीय तेवढी राखायची.”

“नवी वाट म्हणजे भोक?”

“नुसतं भोक पाडलं तर सगळं पाणी जाईल आणि डोळा बसेल. म्हणून भोकावर पातळ झडप ठेवायची, वरच्या पापणीखाली, पांढऱ्या भागात. कडेने हळूहळू झिरपेल.”

मला एकदम कळलं. फालेच्या खांबांमध्ये आम्ही झावळ्यांचे पडदे गुंडाळून ठेवतो. पाऊस आला की सोडायचे. पूर्ण सोडले तर आत गुदमरायला होतं, वर ठेवले तर भिजायला होतं. अर्धे सोडून खाली दगड ठेवायचा, की वारा येतो आणि पडदा उडत नाही. मी हे सांगितलं. सिनापातीने भाषांतर केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बरोब्बर. मी दगडाऐवजी टाके घालते.”

दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यामागे सुई देऊन जागेपणीच केली. फोलासा सांगायचा, दुखलं काहीच नाही, नुसते रंग वाहत होते आणि डॉक्टरीणबाई गुणगुणत होत्या, अगदी बेसूर. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. त्याने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

“ताई, तुझे केस पांढरे झालेत.”

“आत्ता कळलं होय तुला!”

मी रडले. बाहेरच्या पाण्यानेच.

मग सिनापाती सूचना द्यायला आली. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. जड उचलायचं नाही. डोळा चोळायचा नाही. ह्या कुशीवर झोपायचं नाही. आणि वाकायचं नाही, सहा आठवडे. वाकलास, जोर लागला, तर झडप उसवेल नाहीतर आत रक्त येईल. समजलं?

“समजलं,” फोलासा म्हणाला, आणि खरंच समजलं होतं त्याला.

दुपारी तो न्हाणीकडे गेला. परत आला तो डोळ्यावर हात धरून. आत रक्त उतरलं होतं, पंधरा वर्षांपूर्वीसारखंच, तळाशी लाल. डॉक्टरीणबाई धावत आल्या.

“काय उचललंस?”

“काही नाही.”

“वाकलास?”

“नाही. देवाशपथ नाही.”

“चप्पल घातलीस? साबण पडला होता?”

“नाही हो!”

तो खोटं बोलणारा नाही, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाई टाक्यांना दोष द्यायला लागल्या, स्वतःच्या हाताला दोष द्यायला लागल्या. तेवढ्यात सिनापाती वॉर्डात नजर फिरवत होती. दाराशी एक म्हातारे रुग्ण चटईवर बसले होते, भोवती त्यांचे नातेवाईक जेवत होते. तिने फोलासाला विचारलं, “न्हाणीकडे त्या आजोबांसमोरून गेलास?”

“हो.”

“कसा गेलास?”

“कसा म्हणजे? तुलोउ म्हणून गेलो.”

सिनापातीने कपाळावर हात मारला. “वाकलास की मग!”

फोलासा खरोखर चकित झाला. “ते वाकणं नाही,” तो म्हणाला. “ते नुसतं जाणं.”

डॉक्टरीणबाईंना सगळं समजावून सांगायला वेळ लागला. सिनापाती म्हणाली, चूक माझी, मी इथली असून ‘वाकू नको’ म्हटलं, ‘तुलोउ करू नको’ म्हणायला हवं होतं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “ह्या वेळी रक्त जिरेल. झडप अजून धरून आहे. पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही. माझ्याकडे ह्याच्यासाठी दुसरा डोळा नाही.”

रक्त जिरेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. मग डोळ्यावर भोकाभोकांची पत्र्याची वाटी चिकटवून घराकडे निघालो. बोटीत मी त्याचा सदरा मागून धरून ठेवला होता. कोणी म्हातारं दिसलं की ओढायचे. लोकांना वाटलं असेल, ह्याला वेड लागलंय आणि बहीण सांभाळतेय.

बस वाइतोआला पोहोचली ती नेमकी सोमवारी, सभा भरलेली असताना. आमचं घर मैदानाच्या पलीकडे. वाट सभेच्या फालेसमोरून, दुसरी नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डुकरं अडवायची दगडी भिंत. फोलासा उतरला आणि त्याची कंबर आपोआप वाकायला लागली. मी त्याची हनुवटी हाताने वर धरली.

“सोड, ताई.”

“नाही सोडणार.”

“डोळा गेला तर माझा एकट्याचा जाईल. असा ताठ गेलो तर सगळ्या घराण्याची लाज जाईल.”

“लाज परत येते. डोळा येत नाही. यंत्रात बघितलाय मी.”

सभेतून तालालोआंचा आवाज आला, “कोण ते दोघं ताडासारखे उभे?”

त्याला तिथेच फणसाखाली उभं करून मी वाकत वाकत फालेच्या कडेला गेले, बसले आणि सगळं सांगितलं. चेंडू, जाळी, झडप, दगड, टाके, सगळं. मी बोलत होते तोवर एकही पेला हलला नाही. मग माउगातोआ पुढे झुकून म्हणाले, “थांब. ते खोबरं काढून टाकलं म्हणतेस, ते गेलं कुठे?”

“बशीत, असं ऐकलंय.”

“बशीत!” त्यांनी मान हलवली. मग सगळ्यांनीच प्रश्न विचारायला सुरुवात केली. माणसाला भिंग माशाचं बसवतात का? पाणी झिरपून कुठे जातं? तालालोआंनी दंड आपटला. “भिंग राहू दे. हा माणूस सहा आठवडे इथून जाणार कसा ते बोला.”

कोणी म्हणालं, झोळीत घालून न्या. त्यावर दुसरं कोणी म्हणालं, मेजवानीचं डुक्कर नेतात तसा? कोणी म्हणालं, गुडघ्यांवर चालत जाऊ दे, पाठ ताठ ठेवून. मी म्हटलं, त्यानेही जोर लागतो. एक तरुण प्रमुख म्हणाला, तो जाताना आपण पाठ फिरवावी. तालालोआ कडाडले, “प्रमुखांनी पाठ फिरवायची? मग उद्या उठून उभेही राहा!” माउगातोआ शांतपणे म्हणाले, “उभे राहू की.” त्यावर तालालोआंचा चेहरा असा झाला की त्यांनाच डॉक्टर लागेल.

“रीत ती रीत,” ते म्हणाले. “एका डोळ्यासाठी वाकवली तर उद्या प्रत्येकाला काही ना काही दुखेल.”

फोलासा फणसाखाली ताठ उभा होता. इतक्या लांबून त्याला आमचे चेहरे दिसत नव्हते, पण ऐकू सगळं जात होतं. तो कुठल्याही क्षणी वाकणार हे मला दिसत होतं.

आणि शिट्टी वाजली.

बायकांच्या फालेतून फुआतिनो आत्या येत होती. सत्तरी गाठलेली, पण शिट्टी तीच. मैदानात शिरली, नाचत नाचत सभेसमोर आली, ताठ, हात हवेत.

“आत्या, हे काय?” तालालोआ ओरडले. “सभा चालू आहे!”

“आणि डावही चालू आहे,” आत्या म्हणाली. “किरिकितीच्या मैदानात कोणी प्रमुखांसमोर वाकतं का? मी जन्मभर तुमच्या नाकासमोर नाचले. कधी वाकले? कधी बोललात?”

“तेव्हा सामना असतो!”

“मग लेपुआवाशी आपला सामना संपला का, तालालोआ?”

तालालोआंनी आपटायला उचललेला दंड हळूच खाली टेकवला.

“पंधरा वर्षं तू सांगतोयस, डाव संपलेला नाही,” आत्या म्हणाली. “माझ्या नवऱ्याच्या मयतीतही सांगितलंस. आता संपला असेल तर तसं सांग. मी शिट्टी ठेवते, आणि लेपुआवाला निरोप धाडते की तालालोआने हार मानली.”

फालेत आधी माउगातोआंचं पोट हललं. मग कोणीतरी फुसकन हसलं, आणि सभेत हसत नाहीत ही रीत त्या दिवशी सगळ्यांनीच मोडली. तालालोआ सोडून.

“पण,” तालालोआ मोठ्या कष्टाने म्हणाले, “मैदान इथवरच. तो ओढ्यावर अंघोळीला जाईल तेव्हा?”

“चेंडू तिकडेच गेलाय ना? तो शोधायला जातोय.”

“आणि चर्चमध्ये?”

“सापडेपर्यंत सगळीकडे शोधावं लागतं.”

माउगातोआंनी निर्णय दिला. डाव चालू आहे. जोवर चालू आहे तोवर फोलासा मैदानात आहे. पोरांनी फाऊच्या झाडाच्या ओल्या फांद्या तोडून आणल्या आणि मैदानाच्या दोन टोकांना यष्ट्या म्हणून ठोकल्या. आत्याने शिट्टी फुंकली. फोलासा फणसाखालून निघाला. पहिली काही पावलं तो असा चालला की जणू पायाखाली काटे आहेत. सभेसमोर आल्यावर त्याची पाठ वाकायला लागली, तशी मी मागून ओरडले, “चेंडू शोध!” तो मान वर करून इकडेतिकडे बघत, ताठ, सगळ्या प्रमुखांसमोरून गेला.

ही बातमी लेपुआवाला पोहोचायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी लोमिगा आला. आता तो चांगलाच सुटला होता. हातात त्या दिवशीचीच बॅट. फोलासानेच त्याच्या बापाला घडवून दिलेली.

“कुठाय तो?” तो मैदानात उभा राहून गरजला. “आमचा विजय चोरता? पंधरा वर्षांनी?”

आत्याची शिट्टी वाजली आणि फोलासा ओढ्याकडून ओल्या अंगाने येताना दिसला. डोळ्यावर पत्र्याची वाटी, मान ताठ. लोमिगा बघतच राहिला. त्याने तो डोळा त्या दिवसानंतर कधी जवळून पाहिला नव्हता. तीन धावा काढून सरळ घरी गेला होता.

“तो... तोच डोळा?” त्याने विचारलं.

“तोच,” फोलासा म्हणाला. “दुसरा कुठे होता?”

“दिसतं?”

“समोरचं दिसतं. तुझं पोट दिसतं. तेव्हा एवढं नव्हतं.”

लोमिगाने बॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मी पळालो,” तो म्हणाला. “मला वाटलं तू उठशील. सगळे वाकले होते, मला दिसलंच नाही कोण पडलंय.” मग जरा थांबून, “दिसलं होतं. तरी पळालो.”

“जलद पळालास,” फोलासा म्हणाला. “तेवढं मानलं पाहिजे.”

लोमिगाने सभेच्या फालेकडे बघितलं, यष्ट्यांकडे बघितलं. मग जाऊन एका यष्टीसमोर उभा राहिला आणि बॅट जमिनीला टेकवली. “तीन धावा हव्यात आम्हाला,” तो मोठ्याने म्हणाला, फालेपर्यंत ऐकू जाईल असं. “डाव चालू आहे. मी बाद नाही.”

तालालोआ तिथे होते. त्यांना जन्मभर हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी ते म्हणाले, “ह्याला कोणी जेवायला वाढा.”

त्यानंतर दर शनिवारी लोमिगा यायचा. यष्टीपाशी जरा वेळ उभा राहायचा, आमच्याकडचे तारोचे कंद खायचा, आमच्या तारोला चव नाही म्हणायचा आणि फोलासाबरोबर झुडपात चेंडू शोधायला जायचा. आत्या पुढे शिट्टी फुंकत, पोरं मागे टाळ्या पिटत. फोलासाला हळूहळू ताठ चालायची सवय झाली. एकदा मला म्हणाला, “ताई, गाव उंचावरून निराळाच दिसतो.” पाठोपाठ म्हणाला, “पण चांगलं वाटत नाही.”

सहा आठवडे झाले तेव्हा सिनापाती स्वतः आमच्या बेटावरच्या दवाखान्यात आली होती. तिने डोळ्यात थेंब घालून त्यावर छोटंसं वजनाचं यंत्र टेकवून दाब मोजला. पाणी नीट जातंय म्हणाली. “जा, वाक आता. पण चेंडूच्या जवळ जायचं नाही, कधीच नाही.”

आम्ही परतलो तो शनिवार होता. सभा नव्हती. फणसाखाली चटईवर लोमिगा तारो खात बसला होता. त्याला प्रमुखाची पदवी नव्हती, तो आमच्या गावचाही नव्हता, आणि वाट कितीतरी रुंद होती. फोलासा त्याच्या समोरून गेला. कमरेत वाकला, हात खाली सोडला आणि म्हणाला, “तुलोउ.”

लोमिगाचा घास तोंडातच राहिला. “का रे, डाव संपवलास?”

“चहापानापुरता थांबवला,” फोलासा म्हणाला.

तो डाव पुढे कधीच सुरू झाला नाही, आणि संपलाही नाही. माउगातोआ १९९० च्या वादळानंतरच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या मयतीत तालालोआंनी पुन्हा डावाचा विषय काढला आणि लेपुआवाच्या लोकांनी ह्या वेळी माना डोलावल्या. तेव्हापासून तालालोआंचा त्या विषयातला रस संपला. पुढे चार वर्षांनी तेही गेले. लोमिगाला त्याच्या मुलाने ऑकलंडला नेलं. तिथे तो थंडीला शिव्या देत जगला आणि दर नाताळला फोन करून विचारायचा, चेंडू मिळाला का? डॉक्टरीणबाई आणखी दोन वर्षं येत राहिल्या. सिनापाती त्या वॉर्डाची मुख्य नर्स झाली. मी ऐकलंय की ती रुग्णाला ‘वाकलास का’ असं कधीच विचारायची नाही. ‘कोणासमोरून गेलास’ असं विचारायची.

फुआतिनो आत्या नव्वदीच्या जवळ जाऊन गेली. शिट्टी तिने मला दिली. फोलासाने शेवटपर्यंत बॅटी घडवल्या. बाजूची नजर परत आली नाही. तो मान इकडून तिकडे फिरवून बघायचा, कोंबडीसारखी, आणि पोरं त्याची नक्कल करायची. मधली नजर मात्र टिकली. २०११ साली तो गेला, त्याच्या आदल्या दिवशीही त्याने मला, केसाला तेल लाव, कोरडे दिसतायत, असं सांगितलं होतं.

गेल्या वर्षी माझ्याही डोळ्यातलं खोबरं काढलं. आपियालाच, आपल्याच एका तरुण डॉक्टरने. मी नीट बसायच्या आतच उठा म्हणाला. काही दिवस वाकू नका आजी, असंही म्हणाला.

फाऊच्या ओल्या फांद्या जमिनीत ठोकल्या की मूळ धरतात. त्या यष्ट्या कोणी उपटल्या नाहीत. आज तिथे दोन झाडं आहेत, पिवळ्या फुलांनी भरलेली. सभा भरलेली असताना मला कधी तिकडून जावं लागतं. गुडघ्यांमुळे आता नीट वाकता येत नाही. कोणी नवा प्रमुख भुवई उंचावतो. मी गळ्यातली शिट्टी दाखवते आणि चेंडू शोधतेय म्हणून सांगते.